पाटीवरचा तीन

कागदावर तिचं नाव आधीच छापलेलं होतं. ‘मी, मार्लिस हॉगन, एकलुंड यांच्या किराणा दुकानात बावीस वर्षं गल्ल्यावर आहे. परत आलेल्या प्रत्येक चेकमागे तीस डॉलर आकार पडेल ही सूचना, खालील सातही चेक लिहिले गेले त्या वेळी, ग्राहकाला सहज दिसेल अशा जागी लावलेली होती, असं मी खात्रीनं सांगते.’ खाली रेघ, रेघेखाली पुन्हा तिचं नाव, आणि तारखेसाठी मोकळी जागा. तिनं ते दोनदा वाचलं. नाव तिचंच होतं, बावीस वर्षं तिचीच होती, आणि तरीही कुणीतरी आपल्या आवाजात बोलून गेलं आणि आपण नुसत्या बाजूला उभ्या होतो, असं तिला वाटलं. दातांच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर आपलाच ओठ बोटाला परका लागतो, तसं काहीतरी. ड्वेन एकलुंड दुधाचे क्रेट उतरवता उतरवता दारातून म्हणाला, “अगं, सही करून टाक बॉस. वसुली कंपनीचा माणूस सकाळपासून दोनदा फोन करून राहिलाय. तिसरा आला तर तूच घे.” मालक तो होता, पण पंधराव्या वर्षी बापाच्या हाताखाली फरशी पुसायला लागला तेव्हा मार्लिसनं त्याला दोन बादल्या कशा वापरायच्या ते शिकवलं होतं. तेव्हापासून ती बॉस. “कसले चेक?” तिनं विचारलं. “मागं जोडलंय सगळं. आपल्या मास्तरचे.” मग क्रेट आपटल्याचा आवाज, आणि तो आत शीतकपाटाकडे गेला.

तिनं मान वळवली. पाटी होती. गल्ल्याच्या डाव्या हाताला, सिगारेटच्या कपाटाच्या काचेवर, जुन्या एकलुंडनी काळ्या जाड पेननं लिहिलेली, पुठ्ठ्यावर, कडा पिवळ्या पडलेल्या. आत्ता ती इतकी स्पष्ट दिसत होती की जणू कधी न दिसण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेर फेब्रुवारीचं ऊन बर्फावर पडून आत परतत होतं आणि छताचा प्रकाश त्यापुढे पिवळट वाटत होता. खाली सरोवर किनाऱ्यापासून क्षितिजापर्यंत पांढरं होतं, जहाजं मार्चपर्यंत गोदीत. अशा उजेडात सगळंच निर्विवाद दिसतं. मागची पानं उलटण्याआधी तिला ठाऊक होतं की अक्षर कुणाचं असणार.  निएमीसरांचं अक्षर. सरळ, सुटं, एका उंचीचं, सातच्या पोटातून आडवी रेघ. फळ्यावर होतं तसंच. फक्त आता रेघा किंचित थरथरत होत्या, भूकंपमापकावर लांबच्या धक्क्याची नोंद व्हावी तशा.

पत्र छोटं होतं. ‘महोदय, सातही चेकची रक्कम, एकसष्ट डॉलर बारा सेंट, मी दुकानात रोख भरली आहे आणि श्री. एकलुंड यांची माफी मागितली आहे. चूक सर्वस्वी माझी. तुम्ही प्रत्येक चेकमागे पंचावन्न डॉलर मागता. सार्वजनिक ग्रंथालयात मी राज्याचा कायदा वाचला. त्यानुसार असा आकार तीस डॉलरपेक्षा जास्त असू शकत नाही. आणि तीसही तेव्हाच, जेव्हा चेक देताना तशी सूचना दुकानात ठळकपणे लावलेली असेल. मला अशी पाटी पाहिल्याचं आठवत नाही. परंतु त्या महिन्यांत माझी नजर भरवशाची नव्हती, म्हणून माझ्या न पाहण्याला पुरावा समजू नये. दुकानात विचारावं. तिथे जे सांगतील ते मला मान्य आहे. टॉइवो निएमी.’ त्यावर कंपनीनं पंचावन्नाचे निमूट तीस केले होते. सात त्रिक एकवीस, दोनशे दहा. आणि दुकानात विचारलं होतं; म्हणजे विचारलं नव्हतं, उत्तर टंकून पाठवलं होतं.

जे सांगतील ते मला मान्य आहे. हे वाक्य तिला काट्यासारखं लागलं. आपली बाजू मांडताना माणूस आपल्याच डोळ्यांवर अविश्वास नोंदवतो, हे त्या कंपनीतल्या कुणाला कळलंही नसेल. त्यांना फट सापडली इतकंच. ते सातही चेक तिनंच घेतले होते, एकेक करून, ऑक्टोबर ते डिसेंबर. निळसर कागद, कोपऱ्यात दीपगृहाचं चित्र. सरांची बायको, आइली निएमी, सप्टेंबरात वारली. त्यानंतर सर पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा टोपी हातात धरून शेल्फांमधून असे फिरले की जणू परक्या शाळेत बदली आली आहे. त्यांच्या हातात एक चिठ्ठी असायची. जुन्या चेकबुकातली पैसे भरायची कोरी स्लिप, आणि तिच्या पाठीवर आइलीच्या बारीक अक्षरात यादी: दूध, राय धान्याचा पाव, लोणी, साखर, वेलदोडे. आइलीनं वर्षांपूर्वी घरखर्चाचं खातं पतपेढीत नेलं होतं. पण बँकेच्या बंद खात्याचं चेकबुक फेकून कसं द्यायचं, पाठकोरा कागद होता तो. ती त्याच्या स्लिपांवर याद्या करायची आणि ते चेकबुक स्वयंपाकघरातल्या खणात, याद्यांच्या गठ्ठ्यासकट, सुतळीच्या गुंड्याशेजारी असायचं. सरांनी खण उघडला, याद्या घेतल्या, आणि याद्यांबरोबर चेकबुकही घेतलं. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी कधी घरचा चेक लिहिला नव्हता. मग चेक लिहिले ते प्रयोगाच्या वहीसारखे: प्रत्येकाची नोंद, प्रत्येक वजाबाकी तपासलेली, शिल्लक शेवटच्या सेंटपर्यंत बरोबर. खातं तेवढं नव्हतं.

हे तिला स्वतः सरांनीच सांगितलं होतं, जानेवारीत, पाकिटातून नोटा काढून ड्वेनपुढे ठेवताना. “वजाबाकी एकही चुकली नाही,” ते ड्वेनला म्हणाले होते, “फक्त जिच्यातून वजा करायचं ती संख्या अस्तित्वात नव्हती. चाळीस वर्षं मुलांना हेच सांगत आलो, की आधी भांड्यात काही आहे का ते बघा.” ड्वेन हसला होता, लाजला होता, “अहो सर, होतं असं,” म्हणाला होता. चेक परत आले की ते आपोआप कंपनीकडे जात. तीन वर्षांपूर्वीचा करार होता तो, आणि ड्वेननं तोवर कंपनीचं पाकीट उघडून नावं वाचायचीही तसदी घेतली नव्हती. तो वाईट माणूस नव्हता. त्याला रात्री छातीत जळजळ व्हायची आणि हायवेवरच्या मोठ्या बाजारानं त्याचं मटण-मासळीचं गिऱ्हाईक निम्मं नेलं होतं. दंडातला एक पैसाही त्याला मिळत नव्हता. चेकची मूळ रक्कम त्याची, वरचा आकार कंपनीचा, असा व्यवहार. मार्लिसला जाणवलं की ती मनातल्या मनात ड्वेनची वकिली करते आहे. अजून कुणी त्याच्यावर आरोपही केला नव्हता.

कारण तिला पोस्टर आठवलं होतं. खरं तर कागदावरचं पहिलं वाक्य वाचतानाच ते आठवलं होतं, आणि मधला सगळा वेळ ती त्याच्याभोवती फिरत होती, जसं दुखऱ्या दाताला सोडून जीभ बाकी सगळीकडे फिरते. चर्चच्या लुटफिस्कच्या जेवणाचं पोस्टर. दरवर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी तळघरात वाळवलेला मासा क्षारात भिजवून, धुऊन, उकडून वाढतात. थरथरता, पारदर्शक, अर्ध्या गावाला न आवडणारा आणि तरी प्रत्येकाने लोणी ओतून खाल्लेला. तिकिटं विकायचं काम मार्लिसकडे असतं. काचेवर दुसरी जागा नव्हती, म्हणून तिनं पोस्टर पाटीवरच चिकटवलं, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून. तात्पुरतं. जेवण झालं आणि पोस्टर तसंच राहिलं, कारण त्याच्या कोपऱ्यात तिनं बर्फ उपसणाऱ्या माणसाचा फोन नंबर लिहिला होता, आणि त्या वर्षी बर्फ हॅलोवीनच्या आधीच आला. रोज त्या नंबराची गरज पडत होती. पोस्टरवरचा मासा तिच्या डाव्या कानाशी नोव्हेंबरभर हसत होता, डिसेंबरभर हसत होता. नाताळची झाडं गेली, सहा जानेवारीला तिनं सजावट उतरवली तेव्हा तेही उतरवलं. नंबराचा तुकडा कापून घरी फ्रिजवर लावला. आणि चिकटपट्टी ओढताना पाटीवरची शाई सोलून निघाली. ‘30’मधला तीन गेला, शून्य राहिलं. तिनं गल्ल्याखालचं पेन घेऊन तीन पुन्हा काढला. ड्वेननं दुसऱ्या दिवशी पाहून म्हटलं होतं, “हे काय गं, लांबून पन्नास वाटतात. लोक घाबरून चेक द्यायचे बंद होतील.” “बरं होईल मग,” ती म्हणाली होती. तेवढंच. ती गोष्ट तेव्हा इतकी लहान होती.

आता ती स्टूल सरकवून पाटीजवळ गेली. चार कोपऱ्यांपाशी पुठ्ठा खरवडलेला होता, आणि मधला आयत बाकीच्यापेक्षा एक छटा उजळ, तीन महिने उजेड न लागल्यानं. एवढं सगळं तिथं होतं, ज्याला बघायचं त्याला. पण कोण बघणार? कंपनीच्या माणसाला सही हवी होती. सर म्हणाले होते की जे सांगतील ते मान्य. ड्वेनला तिसरा फोन नको होता. आणि तिची आठवण, तिचं काय? पोस्टर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावलं की दुसऱ्या? पाटीची खालची ओळ पोस्टरच्या खालून दिसत असेल का, एखादा शब्द, ‘डॉलर’ तरी? ती डोळे मिटून आठवू लागली आणि तिला मासाच दिसला. माणसाला हवं ते आठवतं की जे होतं ते? मग तिला शाळेचा वास आला, गॅसच्या बर्नरचा, ओल्या लोकरीच्या कोटांचा. एकोणीसशे एकसष्ट. टेकडीवरच्या शाळेची दुसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा, खिडकीतून खनिज भरणारी जहाजं. उकळत्या पाण्याचं तापमान मोजायचं होतं. थर्मामीटर नव्याण्णवाच्या जरा खाली थांबला होता, ती वाट पाहत होती, बाजूच्या मुली लिहून मोकळ्या झाल्या होत्या, आणि तिनं वहीत लिहिलं: शंभर. तरुण निएमीसर बाकामागून फिरत आले. बाहीवर खडूची भुकटी. वाकून विचारलं, “हे थर्मामीटरनं सांगितलं की पुस्तकानं?” आवाजात राग नव्हता. तिला रडू आलं होतं. राग असता तर आलं नसतं. मग त्यांनी हळूच, जणू विषय बदलावा तसं, वहीतल्या दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं होतं: “आणि हा तीन. डोक्यावर सपाट रेघ ओढतेस, पाचासारखा दिसतो. कुणाला औषध मोजून द्यायची वेळ आली तर माणूस मारशील.” ती पुढे नर्सही झाली नाही, रसायनशास्त्रही शिकली नाही; लग्न, दोन मुलं, एक घटस्फोट, आणि हा गल्ला. माणूस मारायची वेळ आली नाही. पण त्या वर्षभर सर तिच्या वहीत प्रत्येक तीनाभोवती पेन्सिलीचं एक फिकट वर्तुळ काढत राहिले. ती सुधारली नाही. का नाही, ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित त्या वर्तुळांसाठी.

“झाली का सही?” ड्वेन एप्रनला हात पुसत आला. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. “काय झालं?”

“पाटी झाकलेली होती, ड्वेन. ऑक्टोबर ते जानेवारी. लुटफिस्कच्या पोस्टरनं. मी लावलं होतं.”

त्यानं पाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. “अरे देवा. तो मासा.” तिला कळलं की त्यालाही तो आता दिसतोय, रोज सकाळी गल्ला उघडताना दिसणारा. “पण बॉस, पाटी तिथं होतीच ना. मागं का होईना. लावलेली होती म्हणजे होती.”

“‘सहज दिसेल अशी’ लिहिलंय.”

“लिहिणाऱ्यानं लिहिलंय. तुला कोण विचारतंय?” त्यानं आवाज खाली आणला, दुकानात कुणी नसतानाही. “हे बघ, मास्तरांचे दोनशे दहा मी खिशातून देतो हवं तर. खरंच देतो. पण तू असलं काही लिहून दिलंस तर नुसते मास्तर नाहीत. त्या तीन महिन्यांत आणखी चौघांचे चेक परत आले होते. त्यांनी पंचावन्नप्रमाणे मुकाट भरले. ती नर्सिंग होममधली पोरगी, दोन मुलांची, तिनं दोनदा भरले. ते सगळे पैसे परत मागतील. कंपनी आपलं काम सोडेल. मग मी चेक घ्यायचे बंद करू? आपलं अर्धं गिऱ्हाईक सत्तरीच्या पुढचं आहे, ते चेकशिवाय पावही घेत नाहीत. मग इथं कोण उरणार, तू, मी आणि तो मासा?”

तो विनोद करत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. लहानपणीही व्हायचे. मार्लिसला त्याची दया आली, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण तो जे बोलला ते खरं होतं. ती एकोणसाठ वर्षांची होती, डावा खुबा गेलेला, विमा या दुकानामार्फत. दुकान बंद पडलं तर हायवेवरच्या बाजारात तिला उभं राहायला कोण देणार? आणि ते चौघं. त्यांच्याविषयी तिला आत्ता पहिल्यांदा कळलं. ती पोरगी, कोटाची चेन तुटलेली, मुलाला हातात धरून अंडी मोजणारी, तिनं दोनदा मिळून एकशे दहा डॉलर भरले आणि तक्रार केली नाही, कारण तिला ग्रंथालयात जायला वेळ नव्हता आणि कागदावर आकडा छापलेला होता. छापलेलं असलं की खरंच असतं, असं मार्लिसलाही वाटलं होतं, त्या दिवशी, थर्मामीटर समोर असताना.

“ड्वेन,” ती म्हणाली, “तू खिशातून दिलेस तर सर घेणार नाहीत. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. मग चिडून, पण तिच्यावर नाही, “तुला काय लिहायचं ते लिही. मला दाखवू नकोस. फोन आला तर मी तळघरात आहे.” आणि तो खरोखरच तळघरात गेला. पायऱ्यांवर त्याची पावलं जड वाजली. खाली गेल्यावर काहीतरी हलवल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

अकराला दारावरची घंटी वाजली. गुरुवार होता, सर गुरुवारीच यायचे, कारण आइली गुरुवारी यायची. त्यांनी बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर चार वेळा झटकला, टोपी काढली. “सुप्रभात, मार्लिस. बाहेर उणे एकवीस आहे. तुमच्या दारावरचा काटा उणे अठरा दाखवतो. त्याच्यावर ऊन पडतं.”

“त्याला सावलीत हलवते, सर.”

“नको. लोकांना बरं वाटतं.” ते शेल्फांकडे गेले. ती त्यांना ऐकत राहिली: दूध, पाव, लोणी, साखर. पावलं थांबली, मग मसाल्यांच्या मांडणीशी काचेचा बारीक आवाज. तिनं कागद पुढे ओढला. छापलेल्या वाक्यावर तिनं एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. त्यांनी शिकवलं होतं, चूक खोडायची नाही, रेघ मारायची, म्हणजे आधी काय होतं ते कळतं. आणि मोकळ्या जागेत लिहायला लागली. ‘ऑक्टोबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यापासून सहा जानेवारीपर्यंत ही पाटी चर्चच्या पोस्टरनं झाकलेली होती. पोस्टर मी लावलं आणि मी काढलं. त्या काळात गल्ल्यावर उभ्या असलेल्या ग्राहकाला पाटी दिसत नव्हती.’ कुणाचं नाव घातलं नाही. तारखांमध्ये नाव नसतं. त्यात सगळेच मावतात. पेनाची शाई मध्येच अडली, ती फुंकर मारून चालू झाली. रेघा किंचित थरथरल्या होत्या. तिला वाटलं, हे अक्षरही आता सरांच्या अक्षरासारखं दिसतंय.

सर गल्ल्यापाशी आले. सामान एकेक करून मांडलं, शेवटी वेलदोड्यांची छोटी बाटली. मग त्यांचं लक्ष कागदाकडे गेलं. चाळीस वर्षं बाकाच्या पलीकडून वह्या वाचलेल्या माणसाला उलटं अक्षर सुलट्यासारखंच. त्यांनी ताबडतोब मान वळवली. “मला उलटं वाचायची सवय आहे,” ते म्हणाले, “म्हणून मी तिकडे बघतो. तू पुरं कर. मला घाई नाही.”

“झालंच, सर. आज तारीख किती?”

“सव्वीस.”

तिनं तारीख घातली, सही केली. मग सामान नोंदवायला लागली. वेलदोड्यांची बाटली हातात घेऊन ती थांबली. आइली त्यांचा गोड पाव करायची, दर शनिवारी. सर चहासुद्धा करपवत. “सर, हे घरी असतील ना अजून?”

“आठ बाटल्या आहेत. ही नववी.” त्यांनी स्लिप तिच्यापुढे धरली, जणू पुरावा. “पण यादीत आहे. याद्या तीनच उरल्यात. त्यानंतर मी माझी करीन.” ते अजूनही तिच्याकडे बघत नव्हते. कागद टाळायचा म्हणून डाव्या हाताला बघत होते, आणि डाव्या हाताला सिगारेटचं कपाट होतं, आणि काचेवर पाटी. तिनं पाहिलं की त्यांच्या भुवया हळूहळू जवळ आल्या. त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला.

“ही पाटी इथं होती?”

“होती, सर. दिसत नव्हती.”

ते थोडं पुढे वाकले, जसे बाकावर वाकायचे. कोपऱ्यांतल्या खरवडीकडे पाहिलं, मधल्या उजळ आयताकडे पाहिलं, आणि मग आकड्यापाशी थांबले. बराच वेळ.  मार्लिसनं पावाला हात लावला, तो थंड होता, बाहेरच्या गाडीतून नुकताच उतरलेला.

“शून्य म्हाताऱ्या एकलुंडचं आहे,” सर शेवटी म्हणाले. “तीन तुझा.”

त्यांनी बोट उचललं, काचेला न लावता, आणि हवेतच त्या आकड्याभोवती एक वर्तुळ काढलं.